तीन मिनिटांत मैफल: गौहर जान आणि लाखेची तबकडी

पहिल्यांदा गौहर जान ऐकली तेव्हा, खरं सांगायचं तर, हसू आलं होतं. कुणीतरी नेटवर चढवलेली जुनी तबकडी होती. आधी नुसती खरखर, तापल्या तेलात ओला जिन्नस सोडल्यावर येते तशी. मग ना आलाप, ना सूर लावणं. गाणं एकदम धावतच आलं. आवाज बारीक, टोकदार, एखाद्या दहा-बारा वर्षांच्या पोरीचा वाटावा असा. सारंगी कुठे संपते आणि हार्मोनियम कुठे सुरू होतं ते कळेना. तबला तर शेजारच्या घरात वाजत असावा. तीन मिनिटांत सगळं आटोपलं, आणि आटोपता आटोपता बाईनं इंग्रजीत ठणकावून सांगितलं, ‘माय नेम इज गौहर जान!’

हिला म्हणे राजेरजवाडे खास आमंत्रणं धाडायचे. या आवाजासाठी?

पुढे हळूहळू कळत गेलं की मी ऐकलं त्यात गौहर जान कमी आणि त्या काळचं यंत्रच जास्त होतं. ती घाई, तो पोरकट आवाज, तो हरवलेला तबला, इतकंच काय ती शेवटची आरोळीसुद्धा, सगळ्यांचं मूळ यंत्रात होतं. ते यंत्र कसं चालायचं हे एकदा समजून घेतलं की त्याच्या मागची बाई ऐकू येऊ लागते. म्हणून हा लेख थोडा गाण्याचा आहे आणि थोडा मेणाचा, सुईचा, लाखेचा.

आधी एक घोळ मिटवून टाकू. मराठी माणसाला ‘गोहर’ म्हटलं की बालगंधर्वांच्या आयुष्यात आलेल्या गोहरबाई कर्नाटकी आठवतात. त्या वेगळ्या, आणि बऱ्याच नंतरच्या. ही गौहर जान कलकत्त्याची.

कलकत्त्याची म्हणायचं तेही जन्मानं नव्हे. २६ जून १८७३ रोजी आझमगढला जन्मलेल्या या मुलीचं नाव होतं आयलीन अँजेलिना योवर्ड. वडील विल्यम रॉबर्ट योवर्ड आर्मेनियन, बर्फाच्या कारखान्यात इंजिनिअर. आई व्हिक्टोरिया हेमिंग्ज. तिचा बाप इंग्रज आणि आई रुक्मिणी नावाची हिंदू बाई. व्हिक्टोरियाला गाण्याची आणि नाचाची जाण होती. १८७९ मध्ये हे लग्न मोडलं. पुढे पदरातली पोर घेऊन ती खुर्शीद नावाच्या एका खानदानी मुसलमान गृहस्थाबरोबर बनारसला आली. मायलेकींनी इस्लाम स्वीकारला. आयलीनची गौहर जान झाली आणि व्हिक्टोरियाची मलका जान. मलका म्हणजे राणी, तेव्हा आईच्या बाबतीत नाव बदललं म्हणण्यापेक्षा त्याचं भाषांतर झालं असंच म्हणायला हवं.

१८८३ मध्ये दोघी कलकत्त्याला आल्या. अवधचं राज्य गमावलेले नवाब वाजिद अली शाह तेव्हा कलकत्त्याच्या कडेला मटियाबुर्जला राहत होते आणि लखनौचे गवई, नर्तक, शायर असं अख्खं जग त्यांच्या भोवती गोळा झालं होतं. मलका जानला तिथे आश्रय मिळाला. थोड्याच वर्षांत तिनं चितपूर रोडवर स्वतःचं घर घेतलं. गौहरचं शिक्षण याच गोतावळ्यात झालं. गाणं पतियाळाच्या काले खाँ साहेबांकडे, कथक बिंदादीन महाराजांकडे, ध्रुपद-धमार श्रीजनबाईंकडे, बंगाली कीर्तन चरणदासांकडे. ही यादी नुसती नावं मोजायला दिलेली नाही. एका मुलीला ठुमरी, ध्रुपद, कीर्तन आणि नाच असं सगळं एकाच घरात मिळावं, हे त्या काळी फक्त तवायफांच्याच, म्हणजे नाचगाण्याचा पेशा करणाऱ्या बायकांच्याच, वाट्याला येऊ शकत होतं. १८८७ मध्ये दरभंग्याच्या दरबारात ती पहिल्यांदा गायली. चौदाव्या वर्षी.

आता पंधरा वर्षं पुढे जाऊ.

पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून

१९०२ च्या शरदात लंडनहून एक अमेरिकन माणूस बोटीनं कलकत्त्याला उतरला. त्याचं नाव फ्रेड गैसबर्ग. गंमत म्हणजे त्याचाही जन्म १८७३ चाच. तो ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा ध्वनिमुद्रक. (हो, टाइपरायटरसुद्धा. गाण्याच्या यंत्राचा धंदा किती दिवस टिकेल याची कंपनीलाच खात्री नसावी.) याच गैसबर्गनं त्याच वर्षी एप्रिलमध्ये इटलीतल्या मिलानला एन्रिको कारुसो नावाच्या तरुण गायकाचा आवाज मुद्रित केला होता. युरोपच्या संगीतात त्या घटनेचं केवढं महत्त्व मानतात! तोच माणूस, जवळपास तेच यंत्र, आणि सात महिन्यांनी कलकत्ता.

कलकत्त्यातल्या कंपनीच्या एजंटानं आधी त्याला साहेबलोकांच्या करमणुकीचे कार्यक्रम दाखवले. ते ऐकायला एवढा समुद्र ओलांडून कोण येईल? तो वैतागला आणि एका पोलीस अधिकाऱ्याच्या मदतीनं शहरातली नाटकघरं आणि बैठका धुंडाळू लागला. ८ नोव्हेंबर १९०२ ला पहिलं मुद्रण झालं ते क्लासिक थिएटरमधल्या शशिमुखी आणि फणीबाला या दोन कोवळ्या मुलींचं. त्यामुळे ‘भारतातला पहिला मुद्रित आवाज गौहर जानचा’ हे जे सगळीकडे छापलं जातं, ते काटेकोरपणे बघितलं तर बरोबर नाही. गैसबर्गला त्या मुलींचे आवाज मुळीच आवडले नव्हते. त्याच महिन्यात गौहर जान आली आणि त्याचा शोध संपला. तेव्हा ती पहिली तारका, असं म्हणायला हरकत नाही. आवाज पहिला असणं हा निव्वळ तारखेचा योगायोग असतो. तारका व्हायला अंगात काही असावं लागतं.

हॉटेलातली खोलीच तात्पुरता स्टुडिओ झाली होती. तिथे मायक्रोफोन नव्हता, वीज नव्हती, आवाज मोठा करणारं काहीही नव्हतं. एक पत्र्याचा मोठा कर्णा. त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई, आणि सुईखाली गरगर फिरणारी जाड मेणाची तबकडी. गाणाऱ्याच्या आवाजाचा धक्का कर्ण्यातून पडद्यावर बसायचा, पडदा थरथरला की सुई हलायची, आणि मेणात नागमोडी खाच पडायची. एवढंच. गाण्याचं सगळं बळ फुप्फुसातून यायचं, दुसरीकडून कुठून मिळणार नव्हतं.

याचे परिणाम भलतेच होते. हळू गायलं की खाच उमटत नाही. फार जोरात गायलं की सुई भरकटून शेजारच्या खाचेत घुसते आणि तबकडी वाया. म्हणून गाणाऱ्याला कर्ण्याच्या अगदी जवळ उभं करायचं, खालच्या सुरांना पुढे ढकलायचं आणि तार सप्तकातली जागा आली की मागे ओढायचं. हे काम करायला कुणीतरी पाठीशी उभंच असे. मैफलीत गालिच्यावर बसून, साथीदारांकडे बघत, समोरच्या रसिकाच्या चेहऱ्यावर ओळ सोडणारी बाई इथे पत्र्याच्या भोकात तोंड घालून उभी. तिथून ‘वाहवा’ येण्याची सोय नाही.

शिवाय त्या पडद्याला सगळे सूर सारखे झेपायचे नाहीत. दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही पकडता येत नसे आणि खर्जातलंही बरंच गळून जायचं. बायाँचा, म्हणजे डाव्या हातच्या तबल्याचा, घुमारा गेला, चाटेची, म्हणजे तबल्याच्या काठावरच्या बोलांची, धार गेली, तंबोऱ्याच्या तारांची झणझणती जवारी गेली. आवाजातला श्वास आणि रेशमीपणा जिथे राहतो तो वरचा भाग तर पार छाटला गेला. उरला तो मधला पट्टा, टेलिफोनवर ऐकू येतो तसा. शेजारच्या घरात वाजणारा माझा तबला असा सापडला.

मेण वाजवून बघता येत नव्हतं, कारण एकदा सुई फिरवली की खाचच बिघडायची. म्हणजे गायलेलं कसं झालं हे गाणारीला त्या दिवशी कळायचंच नाही. मेणाच्या तबकड्या पेटीत भरून बोटीनं जर्मनीतल्या हानोव्हरला जायच्या. तिथे मेणावर धातूचा थर चढवून साचा बनायचा आणि त्या साच्यातून विक्रीच्या तबकड्या दाबून काढायच्या. गैसबर्गनं त्या एका दौऱ्यात पाचशेहून जास्त मुद्रणं केली. आता हानोव्हरच्या त्या कारागिराची अवस्था डोळ्यांसमोर आणा. समोर शेकडो साचे, भाषा एकीचीही कळत नाही, सगळ्या बायका त्याच्या कानाला सारख्याच. लेबलावर नाव काय लिहायचं?

यावर सोपा उपाय निघाला. गाणं संपलं की गाणाऱ्यानं आपलं नाव मोठ्यानं सांगायचं. तीच ती आरोळी. मुळात ती एका परक्या कामगारासाठी मारलेली हाक होती, पार्सलवर लिहिलेल्या पत्त्यासारखी. असं नाव पुकारणारी गौहर एकटी नव्हती; अलाहाबादची जानकीबाई, आग्र्याची जोहराबाई यांच्याही तबकड्यांत अशा घोषणा सापडतात. पण गौहर जाननं त्या पत्त्याची सही करून टाकली. ती शेवटची ओळ ती अशा तोऱ्यात फेकते की गाण्याची तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर संपवायचा तुकडा, तीच वाटावी. तबकड्या विकत घेणाऱ्यांना गाण्याइतकीच त्या आरोळीची वाट बघायची सवय लागली असेल, असं मला वाटतं.

आणि ती तबकडी कशाची? लाखेची. लाख, दगडाची भुकटी, काजळी असं मिश्रण तापवून साच्यात दाबायचं. जगाला लाख पुरवणारा मोठा देश हिंदुस्थानच होता. छोटा नागपूरच्या रानात कुसुम आणि पळसाच्या फांद्यांवर किडे ती तयार करतात. म्हणजे इथल्या झाडावरची लाख बोटीनं युरोपात जायची आणि गौहर जानचा आवाज अंगावर घेऊन परत यायची. ही ये-जा १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तेव्हा थांबली.

ठुमरी किती वेळाची असते?

हा प्रश्न १९०२ पूर्वी कुणी विचारला असता तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. ऐकणारे जागे असतील तेवढ्या वेळाची, असंच उत्तर मिळालं असतं.

तबकडीनं मात्र या प्रश्नाला आकडा दिला. दहा इंची तबकडीवर बाहेरच्या कडेपासून आत जाणारी एकच लांबलचक खाच असते. ती साधारण अडीचशे वेढे घेते. तबकडी मिनिटाला ७८ फेरे फिरते. भागाकार करा: सव्वातीन मिनिटं. त्यातही शेवटी नाव सांगायला दोन क्षण राखून ठेवायचे. सुई मधल्या लेबलापाशी पोचली की तुमची भैरवी कुठवर आलीय याच्याशी तिला कर्तव्य नसतं.

आता मैफलीतली ठुमरी कशी चालते ते आठवा. एक ओळ घ्यायची आणि तिच्यातला एकेक शब्द फिरवून फिरवून वेगळा सांगायचा. नजरेबद्दलची ओळ असेल तर एकदा लाडानं, एकदा तक्रारीनं, एकदा थट्टेनं. याला बोल बनवणं म्हणतात. ते करायला निवांतपणा लागतो, कारण आधीचा रंग ऐकणाऱ्याच्या मनात मुरल्याशिवाय पुढचा वेगळा लागत नाही. मग अंतरा, मग परत मुखड्यावर येणं, आणि शेवटी तबलजी लय दुप्पट करून लग्गी वाजवतो तेव्हा सगळी बैठक हलू लागते. ख्यालाचं तर बोलायलाच नको. विलंबित म्हणजे संथ लयीची चार आवर्तनं झाली की तबकडी संपली.

मोठमोठ्या गवयांनी या अडचणीपुढे हात टेकले. त्यांचे जुने मुद्रित तुकडे ऐकताना अनेकदा असं वाटतं की गाडी सुटायला आणि फलाट संपायला एकच गाठ पडली. गौहर जाननं वेगळा विचार केलेला दिसतो. मोठ्या गाण्याचा तुकडा तोडून द्यायच्या ऐवजी तिनं तीन मिनिटांचं अख्खं गाणं रचायला घेतलं. आलाप काढून टाकला, पहिल्याच क्षणी मुखडा. लय मध्यापासून पुढची. बोल बनवायचे ते एका ओळीवर तीन-चार वेळा, पण प्रत्येक वेळचा फरक ठळक, कर्ण्यातून पार जाईल असा. मोकळ्या, गोळीबंद ताना, कारण बारीक मुरकी मेणात पुसट व्हायची. अंतरा लगेच. मग लय वाढवून समेवर नेमकं संपवायचं आणि नाव. हे सगळं घड्याळाकडे न बघता, एका दमात, चूक सुधारायची सोय नसताना.

तिची भैरवीतली ‘रस के भरे तोरे नैन’ ही ठुमरी पुढे कितीतरी जणांनी गायली. ती मूळ तबकडीवर ऐकून बघा, मात्र विस्तार शोधू नका. ती बांधलीय कशी तेवढं बघा. एक क्षण रिकामा सापडत नाही.

घाई म्हणून मला जे खटकलं होतं ते हे होतं.

पुढे काय झालं ते आपल्या रोजच्या ऐकण्यातलं आहे. रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकात एक पद वन्समोअर घेत घेत अर्धा-अर्धा तास रंगायचं; तेच पद तबकडीवर तीन मिनिटांचं झालं, आणि नाटक न बघितलेल्या माणसाच्या तोंडी बसलं ते त्या तीन मिनिटांच्या आकारात. भावगीत जन्मालाच आलं ते या मापात. सिनेमाचं गाणं तीन-साडेतीन मिनिटांचं का, याचं उत्तरही याच खाचेत आहे. लांब वाजणाऱ्या तबकड्या आल्या, कॅसेट आली, आता तर मर्यादाच उरली नाही, तरी गाणं म्हटलं की आपला कान तेवढंच माप धरून बसतो. हे एकट्या गौहर जाननं केलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण हे माप म्हणजे अडचण नसून घाट आहे, हे आपल्याकडे पहिल्यांदा नीट ओळखणाऱ्यांत ती होती. तिनं १९०२ ते १९२० या काळात सहाशेच्या आसपास गाणी मुद्रित केली, दहाहून जास्त भाषांत. त्यात बंगाली, हिंदुस्थानी, गुजराती, तमिळ, फारसी, पश्तू, फ्रेंच, इंग्रजी आहेत आणि आपली मराठीही आहे.

उस्ताद का बिचकले आणि बायका का पुढे आल्या

या यंत्रापुढे सुरुवातीला बहुतेक नामांकित पुरुष गवई उभे राहायला तयार नव्हते. यंत्र आवाज शोषून घेतं, गळा बसतो, अशी भीती असल्याचं नेहमी सांगितलं जातं. ती होतीही. पण मला त्याहून खरं कारण वेगळं वाटतं. घराण्याची चीज ही घरातली मिळकत होती. वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या शागिर्दालासुद्धा ती तोलूनमापून दिली जायची. तबकडीवर एकदा गायलं की चार पैसे टाकणारा कुणीही ती शंभर वेळा वाजवून उचलणार. असा सौदा कोण करेल? काहींनी केलाही, अब्दुल करीम खाँसाहेबांनी दोन-तीन वर्षांतच कर्ण्यापुढे गाऊन बघितलं. पण ते अपवाद.

तवायफांचं गणित निराळं होतं. त्यांचा पैशाचा व्यवहार उघड होता आणि तो त्या स्वतः सांभाळत. लखनौच्या १८५८ ते १८७७ या काळातल्या करवसुलीच्या नोंदींत तवायफा सगळ्यांत वरच्या उत्पन्नगटात सापडतात. घर, बाग, दुकानं त्यांच्या नावावर असत. दर ठरवणं, करार करणं, नवा गिऱ्हाईक कोण ते ओळखणं हे त्यांना नवीन नव्हतं. गौहर जान एका बैठकीचे तीन हजार रुपये मागत असे असं सांगतात. गैसबर्गनंही लिहून ठेवलंय की ती दर वेळी नवा पोशाख करून यायची आणि एकदा घातलेला दागिना पुन्हा दिसायचा नाही. ही नुसती हौस नव्हे. आपला भाव काय आहे, हे तोंड न उघडता सांगायची ती रीत होती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १८९० च्या दशकात मद्रासपासून नाचविरोधी चळवळ सुरू झाली होती. मिशनरी आणि सुधारक मंडळी म्हणत होती की सभ्य माणसानं अशा बायकांच्या बैठकीला जाऊ नये, घरच्या समारंभात त्यांना बोलावू नये. आश्रय देणारे संस्थानिक आणि जमीनदारही आटत चालले होते. नेमक्या त्या वेळी असं यंत्र आलं की बाई घरात न येता तिचं गाणं घरात येऊ लागलं. ज्या दिवाणखान्यात गौहर जानला कुणी उंबरा ओलांडू दिला नसता तिथे सासूसुनांनी बसून तिची होरी आणि भजनं ऐकली. हे वाचताना मला दर वेळी एकाच वेळी बरंही वाटतं आणि रागही येतो.

चार घोड्यांची बग्गी

तिच्या प्रसिद्धीच्या गोष्टी पुष्कळ आहेत. आगपेटीवर तिचं चित्र छापून यायचं, टपालकार्डांवर यायचं. हे पक्कं आहे. चार घोड्यांच्या बग्गीतून फिरण्यासाठी, जे कायद्यानं तिला करता येत नव्हतं, ती हजार रुपये दंड भरत असे. मांजरीला पिल्लं झाली म्हणून हजारो रुपयांची मेजवानी दिली. स्वराज्य फंडासाठी गाण्याच्या कबुलीवर गांधीजी स्वतः ऐकायला येतील असं तिनं वचन घेतलं, ते आले नाहीत, म्हणून चोवीस हजारांतले निम्मेच पाठवले: या सांगोवांगीच्या गोष्टी, सांगणाऱ्यागणिक थोड्या बदलणाऱ्या. मला त्यांच्या खरेखोटेपणापेक्षा त्यांचा सूर बघावासा वाटतो. प्रत्येक गोष्टीत बाई कुणातरी मोठ्या माणसासमोर ताठ उभी आहे आणि पैसे मोजून मोकळी होतेय. लोकांना ती तशी हवी होती.

१९१० मध्ये मद्रासच्या व्हिक्टोरिया पब्लिक हॉलमध्ये तिचा जलसा झाला. तिचा आवाज तबकड्यांतून आधीच तिथे पोचला होता. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली दरबारात पंचम जॉर्जपुढे ती जानकीबाईच्या जोडीनं गायली. संस्थानाच्या आश्रयावाचून, एका कंपनीच्या मालाच्या जोरावर मुलूखभर ओळख असलेली गायिका हे चित्र त्याआधी हिंदुस्थानात नव्हतं. म्हणून तिला आपल्याकडची पहिली लोकप्रिय गायिका म्हणायचं, आजच्या अर्थानं लोकप्रिय.

पैसा आला तसा गेलाही. अमृत केशव नायक हा पारशी रंगभूमीवरचा गुणी गुजराती नट. त्याच्याबरोबर मुंबईत तिचे काही सुखाचे दिवस गेले, पण १९०७ मध्ये तो अचानक वारला. पुढे तिच्या कारभाराचं बघणाऱ्या, वयानं बऱ्याच लहान असलेल्या अब्बासशी संबंध जुळला आणि विस्कटला; त्यातून कोर्टकचेऱ्या झाल्या. त्याही आधीचा खटला जास्त जीवघेणा होता. मलका जानच्या मोलकरणीच्या भगलू नावाच्या मुलानं दावा लावला की मलका जानचा खरा वारस मीच, गौहरचा त्या मालमत्तेवर हक्कच नाही. जिचं नाव आगपेटीवर छापलं जात होतं, तिला कोर्टात सिद्ध करावं लागलं की आपण आपल्या आईबापांची औरस मुलगी आहोत. त्यासाठी कित्येक वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या वडिलांना शोधून काढून साक्षीला उभं करावं लागलं.

तबकडीच्या शेवटी जे नाव ती ठणकावून सांगायची, त्याच नावाचे कागद दाखवायची वेळ तिच्यावर आली.

मग एवढ्या तबकड्या विकल्या गेल्या त्याचं काय? इथे एक व्यवहाराची बाब समजून घ्यायला हवी. त्या काळी गाणाऱ्याला साधारणपणे एकरकमी मोबदला मिळायचा; पुढे तबकडी दहा खपो की दहा हजार. गाणं रचणाऱ्याचा हक्क, मुद्रण करणाऱ्या कंपनीचा हक्क या कल्पना कायद्यात आल्या, पण गाणाऱ्याचाही आपल्या गाण्यावर काही हक्क असतो हे आपल्या कॉपीराइट कायद्यात यायला १९९४ साल उजाडलं आणि त्याला नीट बळ मिळालं ते २०१२ च्या दुरुस्तीनं. गौहर जानच्या पडत्या काळात तिचा आवाज मुलूखभर वाजतच होता. फक्त त्यातलं तिच्याकडे काही येत नव्हतं.

शेवटी म्हैसूरच्या कृष्णराज वाडियार महाराजांनी तिला बोलावून घेतलं. १ ऑगस्ट १९२८ पासून राजगायिका, पगार दरमहा पाचशे रुपये, राहायला दिलखुश कॉटेज. ज्या राजाश्रयाशिवाय जगता येतं हे तिनं पंचवीस वर्षं दाखवून दिलं होतं, तिथेच ती परतली. दीड वर्षानं, १७ जानेवारी १९३० ला म्हैसूरच्या इस्पितळात ती गेली. छप्पन्न वर्षांची होती.

कुठल्या वेगानं ऐकायचं

तोवर मायक्रोफोन आला होता. १९२५ नंतर विजेवर मुद्रण होऊ लागलं आणि हळू गाणारा, कानाशी कुजबुजणारा आवाज पहिल्यांदा तबकडीवर उतरला. गौहर जानचा जो ठेवा आहे तो सगळा त्याच्या आधीचा, कर्ण्याचा. म्हणजे तिचा मंद्रातला आवाज, मैफलीत ओळ सोडून देताना ती जी हळुवार होत असेल ती जागा, आपल्यापर्यंत आलेलीच नाही.

पण जे आलंय तेही आपण बहुतेक वेळा चुकीचं ऐकतो. सुरुवातीच्या त्या पोरकट आवाजाचं कोडं इथे सुटतं. ७८ हा आकडा पुढे पक्का झाला. सुरुवातीच्या काळात यंत्रांचे वेग सारखे नसत. समजा तबकडी मुद्रित झाली मिनिटाला ७० फेऱ्यांवर आणि आज कुणी ती ७८ वर वाजवून नेटवर चढवली. तीन मिनिटांचं गाणं दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांत संपेल आणि पट्टी जवळजवळ एक अख्खा स्वर चढेल. काळी एकमध्ये गाणारी बाई काळी दोनमध्ये ऐकू येईल, आणि तिचा आवाज लहान मुलीचा होईल.

ज्यांच्याकडे संगणकावर वेग कमी-जास्त करायची सोय आहे त्यांनी हे जरूर करून बघावं. अडचण एवढीच की थांबायचं कुठे? गाण्याची मूळ पट्टी आपल्याला माहीत नसते. सारंगी कुठल्याही पट्टीत सारंगीसारखीच वाटते. मी बराच वेळ गाण्यावरच खटपट करत बसलो होतो, आणि मग लक्षात आलं की तिनं एक खूण ठेवलेली आहे. गाणं कुठल्याही पट्टीत असू शकतं, बोलणं असू शकत नाही. म्हणून मी गाणं सोडलं आणि शेवटचे दोन सेकंद घेतले. वेग थोडा कमी, ऐका. अजून थोडा कमी, ऐका. एका ठिकाणी ती पोर नाहीशी झाली आणि तीस वर्षांची एक बाई, किंचित दमलेली, कर्ण्यापासून अर्धं पाऊल मागे सरून म्हणाली, माय नेम इज गौहर जान. वेग तिथेच ठेवला आणि गाणं पहिल्यापासून लावलं.